हिऱ्याची प्रत कोणी ठरवली?

रौप्य महोत्सवाच्या स्मरणिकेत हिऱ्यावर लेख, हे काही सभासदांना चमत्कारिक वाटेल. पण सोसायटीच्या हीरक महोत्सवाला अजून ३५ वर्षं आहेत आणि मी सत्तरी ओलांडलेला माणूस. तेव्हा संपादक मंडळाच्या परवानगीने आत्ताच लिहून टाकतो.

दुसरं कारण जरा गंभीर आहे. आपण इथे राहायला आलो तेव्हा जी मुलं पार्किंगमध्ये सायकली शिकत होती, त्यांचे आता साखरपुडे होत आहेत. आपल्या पिढीत साखरपुड्याला सोन्याचं वेढणं किंवा साधी अंगठी असे. हिऱ्याच्या कुड्या एखाद्या घरंदाज आजीच्या कानातच दिसायच्या. आता अंगठी म्हटलं की हिऱ्याचीच. आणि अंगठीबरोबर एक छापील कार्ड येतं. त्यावर इंग्रजी अक्षरं, आकडे आणि एक नकाशासारखं चित्र. बँकेत नोकरी केली म्हणून लोक ते कार्ड घेऊन माझ्याकडे येतात. "काका, ई, व्हीव्हीएस टू म्हणजे चांगलं ना हो?"

चांगलं आहे की नाही, हे एका शब्दात सांगता येत नाही. ही अक्षरं आली कुठून, कोणी ठरवली आणि कशासाठी, हे कळलं की उत्तर आपोआप सापडतं. निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळाला, त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

वराहमिहिराचा भावफलक

हिऱ्याची प्रतवारी पाश्चात्त्यांनी शोधून काढली असा आपला समज असतो. पण सहाव्या शतकात वराहमिहिराने लिहिलेल्या 'बृहत्संहिते'त हिऱ्याच्या परीक्षेवर एक अख्खा अध्याय आहे. आजच्या कार्डावर जे असतं, त्यातलं बरंचसं तिथे सापडतं.

वजनासाठी त्याने तांदळाचा दाणा धरला आहे. आठ पांढऱ्या मोहऱ्या म्हणजे एक तांदूळ. वीस तांदूळ वजनाच्या निर्दोष हिऱ्याची किंमत दोन लाख नाणी. पुढे वजन दोन-दोन तांदळांनी उतरत जातं तसा भाव कसा उतरतो, याचा तक्ताच दिला आहे. गंमत अशी की वजन निम्मं झालं, म्हणजे दहा तांदूळ, तर भाव निम्मा होत नाही, एकदम पाचव्या हिश्शावर येतो. मोठा खडा दुर्मीळ, म्हणून त्याचा दर चढा. आजही अर्ध्या अर्ध्या कॅरेटचे दोन हिरे मिळून जेवढे पडतात, त्याहून एका कॅरेटचा एक हिरा कितीतरी महाग पडतो. तत्त्व तेच.

रंगाची चर्चाही आहे, पण ती त्या काळच्या समाजरचनेप्रमाणे. पांढरा हिरा अमुक वर्णाला, तांबूस-पिवळा तमुक वर्णाला, अशी वाटणी केलेली आहे. दोषांची नावं मात्र झकास आहेत. कावळ्याच्या पायासारखी खूण म्हणजे काकपद, माशीसारखा ठिपका म्हणजे मक्षिका, केसासारखी रेघ म्हणजे केश. टोक फुटलेलं, खडा चपटा किंवा आत बुडबुडा असेल तर किंमतीतून आठवा हिस्सा वजा करावा, असं स्पष्ट सांगितलं आहे. आमच्या बँकेच्या भाषेत याला घसारा म्हणतात!

त्याच अध्यायात असंही लिहिलं आहे की उत्तम हिरा पाण्यावर तरंगतो. हे साफ चूक आहे. हिरा पाण्याच्या साडेतीन पट जड, तो तळाशीच जाणार. जुन्या ग्रंथातलं सगळंच खरं मानू नये आणि सगळंच टाकूनही देऊ नये, एवढं यातून घ्यावं.

झाडाखालची पेढी

अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा मुख्य देश हिंदुस्थानच होता. गोवळकोंडा हे नाव जगभर झालं, पण खाणी किल्ल्यात नव्हत्या. त्यातली कोल्लूरची मोठी खाण कृष्णाकाठी होती. सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या खाणींवर जाऊन आला आणि त्याने जे पाहिलं ते बारकाईने लिहून ठेवलं.

तो सांगतो की गावच्या चौकात झाडाखाली दहा ते सोळा वर्षांची मुलं बसलेली असत. प्रत्येकाजवळ एका बाजूला वजनांची पिशवी, दुसऱ्या बाजूला सोन्याच्या होनांची. कोणी खडा विकायला आणला की तो वयाने मोठ्या मुलाच्या हाती द्यायचा. तो बघून शेजारच्याला देणार, तो पुढच्याला. कोणी चकार शब्द बोलत नसे. खडा फिरून पहिल्याकडे आला की सौदा ठरायचा. संध्याकाळी ही मुलं दिवसभराचा माल एकत्र करून पाणी, वजन आणि स्वच्छता पाहून वेगळा करीत आणि मोठ्या व्यापाऱ्यांना विकत.

पाणी हा शब्द लक्षात ठेवा. रत्नाची झळाळी आणि रंग मिळून त्याचं पाणी. आपण आजही 'पाणीदार' म्हणतो तो हाच अर्थ. ते पाणी पाहायची रीतही ताव्हर्नियेने लिहिली आहे. युरोपात दिवसाउजेडी खडा पाहत. इथे मात्र रात्री, भिंतीतल्या फूटभर कोनाड्यात जाड वातीचा दिवा ठेवून त्याच्या उजेडात खडा बोटांत धरून पाहत. निळसर झाक आहे का हे ओळखायचं असेल तर दाट झाडाच्या हिरव्या सावलीत न्यायचं. प्रयोगशाळा नव्हती, पण उजेड ठरलेला होता. आज दुकानात डोक्यावर शेकडो झगमगते दिवे असतात. त्या उजेडात काचही हिऱ्यासारखी चमकते, हे ताव्हर्नियेच्या मुलांनी लगेच ओळखलं असतं.

मोठे सौदे कापडाखाली हात धरून, बोटांच्या खुणांनी होत. आपल्याकडच्या बैलबाजारात रुमालाखाली भाव ठरतो, तसंच. म्हणजे प्रत ठरवणारा आणि भाव ठरवणारा दोघंही धंद्यातलेच. बाहेरच्या माणसाला आत काय चाललंय याचा पत्ता नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

वजन की तेज?

आपल्याकडचे कारागीर हिरा घडवताना वजन राखत. निसर्गाने दिलेला आकार फारसा न मोडता दोष झाकेल एवढेच पैलू पाडायचे. युरोपात आवड बदलत गेली. तिथे वजन गेलं तरी चालेल, पण तेज हवं, असा विचार रुजला.

याचं आपल्या अगदी जवळचं उदाहरण म्हणजे नाशिकचा हिरा. हा हिरा त्र्यंबकेश्वरला शंकराच्या देवळात होता असं सांगितलं जातं. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा दुसऱ्या बाजीरावाकडून तो इंग्रजांच्या हाती पडला आणि लंडनला गेला. तिथे 'नासक' या नावाने तो ओळखला जातो. तेव्हा वजन सुमारे ९० कॅरेट होतं. लंडनमध्ये तो एकदा घासला गेला, नंतर १९४० साली अमेरिकेत हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने पुन्हा पैलू पाडले. आज त्याचं वजन ४३.३८ कॅरेट आहे. निम्म्याहून जास्त हिरा धूळ होऊन गेला.

कोहिनूरचंही तेच झालं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तो ठेवला तेव्हा लोकांची निराशा झाली, चमकतच नाही म्हणून. पुढच्या वर्षी ३८ दिवस खपून तो घासला. १९१ कॅरेटचा १०५.६ कॅरेट उरला.

हे योग्य की अयोग्य, यावर वाद घालता येईल. पण एक गोष्ट सिद्ध झाली. चमक ही निसर्गाची देणगी कमी आणि पैलू पाडणाऱ्याच्या हिशोबाची करामत जास्त. तो हिशोब १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्की या तरुण अभियंत्याने पुस्तक लिहून मांडला. तो अँटवर्पच्या पैलू पाडणाऱ्या घराण्यातला. हिऱ्याचे कोन बरोबर असले तर वरून शिरलेला उजेड आतल्या आत परतून पुन्हा वरूनच बाहेर पडतो. हिरा उथळ असेल तर उजेड खालून निसटतो, फार खोल असेल तर बाजूने. मग खडा कितीही स्वच्छ असो, मधोमध मेल्यासारखा दिसतो.

एका शब्दाची दोन मापं

इथे कॅरेटचा घोळ मिटवून टाकू. दुकानात सांगतात, '१८ कॅरेटच्या अंगठीत अर्ध्या कॅरेटचा हिरा.' पहिलं कॅरेट म्हणजे सोन्याची शुद्धता, २४ पैकी १८ भाग सोनं. दुसरं कॅरेट म्हणजे हिऱ्याचं वजन. दोन्हींचं मूळ एकच, भूमध्य समुद्राकाठच्या एका झाडाची बी, जी पूर्वी वजनासाठी वापरत. रोमन लोकांचं सोन्याचं एक नाणं अशा २४ वजनांचं होतं, तिथून सोन्याचे २४ कॅरेट आले.

हिऱ्याचं कॅरेट मात्र शहरागणिक वेगळं होतं. एका गावचं कॅरेट दुसऱ्या गावी भरत नसे. १९०७ साली आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेने २०० मिलिग्रॅम म्हणजे एक कॅरेट असं ठरवलं, मग हळूहळू सगळ्या देशांनी ते मानलं. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. कॅरेटचे शंभर भाग म्हणजे सेंट. तीस सेंटचा हिरा म्हणजे ०.३० कॅरेट.

चार गुणांपैकी वजनाचा प्रश्न असा सुटला. उरलेल्या तिघांचा सुटायला आणखी पन्नास-शंभर वर्षं लागली.

डी पासूनच का?

१८६०च्या दशकाच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले आणि एवढे निघाले की पूर्वी राजेरजवाड्यांचं रत्न मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. १८८८ साली डी बिअर्स कंपनी स्थापन झाली आणि तिने पुरवठा मुठीत ठेवला. पुढे 'हिरा कायमचा' ही तिची जाहिरात १९४७ साली लिहिली गेली. आपण टीव्हीवर 'हीरा है सदा के लिए' ऐकलं, ती तिचीच नात.

गिऱ्हाईक वाढलं, पण भाषा एक नव्हती. कोणी दुकानदार उत्तम मालाला 'ए' म्हणे, तर शेजारचा त्याच मालाला 'बी' ठरवून स्वतःच्या मालाला 'डबल ए' म्हणे. कोणी खाणींची नावं घेई, कोणी 'पहिल्या पाण्याचा' म्हणे. अमेरिकेत रॉबर्ट शिपली या जवाहिऱ्याला हे खटकलं. १९३१ साली त्याने लॉस एंजेलिसमध्ये जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे जीआयए, ही संस्था काढली आणि विद्यार्थ्यांना चार गुण पाठ करायला लावले. वजन, रंग, स्वच्छता आणि घडण. इंग्रजीत चारही शब्द 'सी'ने सुरू होतात, म्हणून 'फोर सी'.

त्याचे सहकारी रिचर्ड लिडिकोट यांनी १९५३ च्या सुमारास मोजपट्टी पक्की केली. रंगासाठी अक्षरं डी पासून झेड पर्यंत. ए, बी, सी का नाही? कारण ती अक्षरं बाजारात वापरून वापरून बदनाम झाली होती. नव्या मापाला जुन्या मापाचा डाग नको, म्हणून डी. डी, ई, एफ म्हणजे रंगहीन. जी ते जे म्हणजे जवळजवळ रंगहीन. पुढे पिवळेपणा वाढत जातो.

स्वच्छतेच्या ११ पायऱ्या. दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहायचं. काहीच दिसलं नाही तर फ्लॉलेस, फक्त पृष्ठभागावर किरकोळ खूण असेल तर आयएफ. मग व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय यांच्या प्रत्येकी दोन पायऱ्या आणि शेवटी 'आय'च्या तीन. वराहमिहिराची काकपद आणि मक्षिका इथे नव्या नावाने हजर आहेत. कार्डावरचं नकाशासारखं चित्र असतं ना, ते याच खुणांचं. १९५५ पासून संस्था असे लेखी अहवाल देऊ लागली. घडणीची श्रेणी मात्र गोल हिऱ्यांपुरती २००६ साली सुरू झाली. चौघांत सगळ्यात उशिरा.

यात महत्त्वाचं काय? अहवाल देणारी संस्था हिरा विकत नाही. आपल्या सोसायटीला ऑडिटचा 'अ' वर्ग मिळतो, तो चेअरमन-सेक्रेटरी स्वतःला देत नाहीत. बाहेरचा लेखापरीक्षक वह्या तपासून देतो. त्या वर्गाला किंमत आहे ती तेवढ्यासाठीच. हिऱ्याच्या कागदाचंही तसंच. पारखी आणि विक्रेता वेगळे झाले, हा या सगळ्या इतिहासातला खरा बदल.

अर्थात लेखापरीक्षकही माणूसच. २००५ साली याच संस्थेने अंतर्गत चौकशी करून चार कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं होतं. रंग आणि स्वच्छता अजूनही मुख्यतः प्रशिक्षित डोळ्यांनी ठरतात. एकच हिरा दोन प्रयोगशाळांत एखादी पायरी वरखाली होऊ शकतो. म्हणून कोणत्या प्रयोगशाळेचा कागद आहे, हे पाहणं आलं.

बँकेचा तराजू

आता माझ्या धंद्याची गोष्ट. आमच्याकडे सोनेतारण कर्ज असे. दागिना आला की बँकेचा सराफ तो तोलायचा, कस पाहायचा आणि खड्यांचं वजन वजा करून निव्वळ सोन्यावर किंमत धरायचा. खडा माणिक असो, काच असो की हिरा. 'आणि साहेब, हिऱ्यांचं काय?' हा प्रश्न नोकरीत अनेकदा ऐकला. दवाखान्याच्या, शाळेच्या फीच्या अडचणीत आलेली माणसं असत. उत्तर एकच द्यावं लागे, हिऱ्यावर कर्ज नाही.

यात बँकेचा खडूसपणा नाही. एक ग्रॅम शुद्ध सोनं दुसऱ्या ग्रॅमसारखंच असतं, म्हणून त्याचा भाव रोज पेपरात छापता येतो. हिरा हिऱ्यासारखा नसतो. १९७८ पासून न्यूयॉर्कच्या मार्टिन रॅपापोर्ट यांचा भावतक्ता धंद्यात चालतो, पण तो व्यापाऱ्यांनी घासाघीस सुरू करण्यासाठी. तुम्ही-आम्ही अंगठी विकायला गेलो तर तो भाव मिळत नाही. दुकानाचा नफा, घडणावळ, कर, हे सगळं वजा होतं. कागदावरची प्रत खरी असूनही हाती येणारी रक्कम खूप कमी असू शकते. प्रत म्हणजे किंमत नव्हे, आणि किंमत म्हणजे ठेव नव्हे. एवढं एक वाक्य या लेखातून घरी नेलंत तरी माझं काम झालं.

प्रयोगशाळेतला हिरा

१९५४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत प्रचंड दाब आणि उष्णता देऊन कृत्रिम हिरा तयार झाला. तेव्हा तो कारखान्यांतल्या कापण्या-घासण्याच्या कामाचा होता. आता दागिन्यांजोगे मोठे, स्वच्छ हिरे प्रयोगशाळेत वाढवतात आणि आपलं सुरत त्यात आघाडीवर आहे. हा नकली खडा नव्हे. कार्बन तोच, कठीणपणा तोच. नुसत्या डोळ्यांनी किंवा भिंगाने फरक ओळखू येत नाही. दुकानातलं साधं टेस्टर पेनही दोघांना हिराच म्हणतं. खास यंत्रं लागतात.

पण भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि कारखाने वाढले तसे प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचे भाव कोसळले आहेत. त्यात बहुतेक हिरे वरच्या श्रेणीचेच निघू लागले. सगळेच 'डी' आणि 'व्हीव्हीएस', तर श्रेणीला अर्थ काय? म्हणून जीआयएने २०२५ च्या ऑक्टोबरपासून या हिऱ्यांना डी ते झेडची पट्टी लावणंच बंद केलं. आता 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' असे दोनच वर्ग. दुर्मीळपणा मोजायला काढलेली पट्टी दुर्मीळपणा संपताच गळून पडली.

ज्याला बोटात चमक हवी, त्याने हा हिरा खुशाल घ्यावा. फक्त त्याच भावाने आणि त्याच नावाने घ्यावा.

अंगठी घेताना

इतिहासातून निघणारा सल्ला थोडक्यात देतो.

घडणीत तडजोड करू नका. गोल हिरा असेल तर 'एक्सलंट' किंवा 'व्हेरी गुड' घ्या. डोळ्याला दिसणारा गुण तोच. दुकानात 'कट' म्हणून गोल, चौकोनी असा आकार सांगतात, ती वेगळी गोष्ट.

रंगात डी-ई चा हट्ट पिवळ्या सोन्यात वाया जातो. जी किंवा एच त्यात पांढराच दिसतो. स्वच्छतेत व्हीएस पुरे. एसआय मध्येही डोळ्याला डाग न दिसणारे हिरे असतात, ते नीट पाहून घ्या. दुकानाबाहेर येऊन साध्या उजेडात पाहू द्या म्हणावं, संकोच करू नये.

एक कॅरेट, अर्धा कॅरेट या गोल आकड्यांपाशी दर उडी मारतो. ०.९० आणि १.०० यांत बोटावर फरक कळत नाही, बिलात कळतो.

हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक हा सोन्याचा दाखला आहे, हिऱ्याचा नाही. हिऱ्याचा कागद वेगळा मागा. त्यावरचा क्रमांक पुष्कळदा हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो, तो भिंगातून दाखवायला सांगा आणि प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर पडताळा. बिलात सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचं कॅरेट, नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, आणि परत घेतल्यास काय दराने, हे चारही लेखी हवं. तोंडी शब्द कितीही गोड असला तरी फाइलला लागत नाही.

आणि ते कार्ड आणि बिल सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या फाइलमध्येच ठेवा. अंगठी हाताशी असते, कागद मात्र वेळेवर सापडत नाहीत, हे ३६ वर्षं लोकांचे कागद तपासून सांगतो.

नव्या जोडप्यांना आशीर्वाद, आणि सर्व सभासदांना रौप्य महोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.